टिचकी मारण्याचा हक्क

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या चिकित्सक बुद्धीबद्दल मला अपरंपार आदर आहे. फक्त ही बुद्धी शंभर रुपयांच्या आतच चालते, असं माझं, बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं बसून झालेलं, ठाम मत आहे. भेंडी घेताना आपण तिचं टोक मोडून पाहतो. वांग्याला भोक आहे का, हे चष्मा कपाळावर सरकवून बघतो. नारळ कानाशी नेऊन हलवतो. कलिंगडाला टिचकी मारतो. माठ घेताना तर बोटाच्या पेरानं चहूबाजूंनी वाजवून घेतो आणि आवाज जरा 'बद्द' आला की तोंडावर सांगतो, "हा नको, दुसरा दाखवा." माठवालाही रागावत नाही. तो दुसरा माठ पुढे करतो.

पण रक्कम जसजशी वाढत जाते, तसतशी ही टिचकी मऊ होत जाते. हजाराच्या व्यवहारात आपण नुसतं बोट लावतो. लाखाच्या व्यवहारात हात पाठीमागे बांधून, मुलीकडच्या मंडळींसारखे हसत उभे राहतो. गृहकर्जाच्या कागदांवर चाळीस ठिकाणी सह्या करणारा माणूस मला शेवटी एकच प्रश्न विचारतो, "साहेब, हे पेन तुमचं का?" व्याजाचा दर कायम राहणार की बदलणार, हे तो विचारत नाही. विचारलं तर साहेबांना काय वाटेल! साहेबांना काहीही वाटत नाही हो. साहेबांचं लक्ष डब्याकडे असतं. आणि हाच माणूस संध्याकाळी कोथिंबिरीच्या जुडीची काडी न् काडी उलटीपालटी करून भाजीवाल्याला घाम फोडतो.

ह्याला आपण सभ्यपणा म्हणतो. आपल्या वाडवडिलांनी ह्याला भीड म्हटलं होतं, आणि ती नात्यानं कुणाची बहीण लागते, तेही सांगून ठेवलं होतं. आज मला ह्या बाईविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे.

निमित्त झालं एका बोटीचं. हाताचं ते बोट नव्हे. पाण्यावरची ती बोट. माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासमध्ये डॅलसजवळ असतो. गेल्या वर्षी ताई आणि भाऊजी त्याच्याकडे सहा महिने राहायला गेले होते आणि मी तीन आठवडे. (बँकेची एल.एफ.सी. परदेशाला चालत नाही. तेव्हा खर्च पदरचा. हे मुद्दाम सांगतो, कारण शाखेत वेगळी कुजबुज आहे.) भाच्याला तिथं गळ टाकण्याचा नाद लागला होता, आणि त्याला वापरलेली 'बास बोट' घ्यायची होती.

बास हा तिकडचा गोड्या पाण्यातला मासा. त्याच्यामागे अमेरिकन माणूस किती वेडा होतो, हे सांगितलं तर खोटं वाटेल. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या अलाबामाच्या एका विमा एजंटानं आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली. विमा एजंट मागं लागला की माणूस सुटत नाही, तिथं माशाची काय कथा! पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, त्याच आर्कान्सातल्या फ्लिपिन ह्या गावी फॉरेस्ट वूड यांनी रेंजर बोटी बांधायला घेतल्या. स्पर्धा आली म्हणजे माशाच्या जागी इतरांच्या आधी पोचणं आलं, आणि त्यासाठी इंजिनं वाढत गेली. आज वीस-एकवीस फुटी फायबरग्लासच्या नावेला मागे अडीचशे हॉर्सपॉवरचं इंजिन टांगलेलं असतं. ती ताशी सत्तर मैल, म्हणजे आपल्या हिशेबानं एकशेदहा किलोमीटरच्या वर पळते. पाण्यावर. ब्रेकशिवाय. आणि एवढा आटापिटा करून पकडलेला मासा, वजन करून परत पाण्यात सोडून देतात! स्कॉट यांनीच १९७२ पासून स्पर्धांत ही रीत पाडली. हे ऐकून ताई एवढंच म्हणाली, "मग बाजारातून आणून सोडला, तर स्वस्त पडेल की रे."

नवी बोट लाख डॉलरच्या घरात जाते. म्हणून जुनी. भाच्यानं पाहून ठेवलेल्या बोटीची किंमत होती चौतीस हजार डॉलर. रुपयांत तीस लाखांच्या आसपास. म्हणजे भीड सुरू होण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे.

आमचे भाऊजी म्हणजे भिडेचे चालतेबोलते विद्यापीठ. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, स्वभावानं अत्यंत सज्जन, आणि म्हणूनच धोकादायक. त्यांचं सूत्र असं की, 'माणूस बघावा, वस्तू बघू नये.' आम्ही बोट बघायला गेलो, तर मालकाच्या अंगणात झेंडा होता, शेपूट हलवणारा कुत्रा होता आणि मालक स्वतः लिंबाच्या सरबताचे पेले घेऊन बाहेर आला. भाऊजींनी पेला रिकामा व्हायच्या आत बोट पसंत केली. "चकाचक ठेवलीय. दीडशे तासच चाललीय. आणि माणूस अगदी देवमाणूस आहे. आणखी काय बघायचं?"

वाचकहो, ही तीन वाक्यं नीट ऐका. जुनी स्कूटर, जुना फ्लॅट, जुना फ्रीज, काहीही घ्यायला जा, हीच तीन वाक्यं कुणीतरी तुमच्या कानाशी म्हणतो. म्हणून एकेकीचा समाचार घेतो.

पहिली, चकाकी. बास बोटीच्या रंगात चमचमणारे कण मिसळलेले असतात. उन्हात ती शालू नेसल्यासारखी दिसते. पण चकाकी हा वस्तूचा गुण नव्हे, मालकाच्या रविवारचा आहे. मेणाचं पॉलिश आणि मऊ फडकं घेतलं की एका सुट्टीत कुठलीही बोट नवी नवरी होते. बघायचं असतं ते पॉलिशच्या खाली. रंगाच्या थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतात. काही नुसत्या वरच्या असतात, त्यांना घाबरू नये. पण जिथं इंजिन टांगलंय, त्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्यांतून त्या फुटल्या असतील, तर आत काहीतरी हललेलं असण्याचा संभव. मग ट्रेलरखाली आडवं पडून तळ पाहावा. कारण खडकाळ किनाऱ्यावर घासलेली नाव वरून कधीच कबुली देत नाही. भाचा पाठीवर झोपून खाली सरकला, तेव्हा भाऊजी कुजबुजले, "अरे, लोक काय म्हणतील!" लोक म्हणजे तिथं एक कुत्रा होता. तो कुतूहलानं भाच्याच्या शेजारी जाऊन झोपला.

दुसरी, तास. मोटारीचे किलोमीटर, तसे बोटीच्या इंजिनाचे तास. मालक सांगतो ते तास म्हणजे गिऱ्हाईक दाखवतं ते पासबुक. हवं ते पान उघडून दाखवता येतं. आम्ही बँकवाले लेजर बघतो. आजकालच्या इंजिनाच्या पोटात संगणक असतो. जाणकार मेकॅनिक त्याला लॅपटॉप जोडून इंजिन एकूण किती तास चाललं, आणि त्यातले किती तास कुठल्या वेगानं चाललं, हे सगळं काढून देतो. दीडशे तास तळ्याकाठी डुलत काढले, की घोडे उधळत काढले, ह्यात जमीन-पाण्याचा फरक आहे.

शिवाय, कमी तास ही नेहमी आनंदाचीच गोष्ट, असंही नाही. उभं राहिलेलं इंजिन हे निष्क्रिय खात्यासारखं असतं. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा कडक होतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत पडून पडून पाणी शोषतं. दहा वर्षं कुणी न विचारलेल्या खात्यातली शिल्लक आम्ही रिझर्व्ह बँकेच्या निधीत पाठवतो. उभ्या इंजिनातली शिल्लक थेट मेकॅनिकच्या खिशात जाते. आणि सगळ्यात साधी गोष्ट, खालच्या गिअरचं तेल. एक स्क्रू सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्यायचं. ते कटिंग चहासारखं दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय असं समजावं. पुष्कळदा कारण असतं गळाचीच दोरी. ती पंख्याच्या दांड्याला गुंडाळली जाते आणि मागचं सील कापते. माशासाठी टाकलेल्या गळाला स्वतःचं इंजिनच लागतं!

आणि तिसरी, देवमाणूस. हा मुद्दा सर्वांत घातक, कारण तो खरा असतो. मालक खरोखरच देवमाणूस होता. पण आम्ही देवमाणूस विकत घ्यायला गेलो नव्हतो. आम्ही बोट घ्यायला गेलो होतो, आणि बोटीत असतं प्लायवुड.

त्याचं असं आहे. इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीला तिकडे ट्रान्सम म्हणतात. जुन्या बोटींतून ह्या ट्रान्समच्या पोटात, फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये, प्लायवुड घातलेलं असे. कुणीतरी एखादं यंत्र बसवायला बाहेरून चार स्क्रू ठोकतो, भोकं नीट बुजवत नाही, आणि पाणी थेंबाथेंबानं आत जाऊ लागतं. बाहेर शालू चमचमतो, आत लाकूड कुजत असतं. ह्याच लाकडावर दोनशे किलोहून जड इंजिन लटकतं आणि सगळ्या बोटीला पुढे ढकलतं. ते बघायची रीत दोन प्रकारची. इंजिन वर उचलून त्याच्या शेपटीवर भार द्यायचा आणि भिंत वाकते का पाहायचं. आणि दुसरी म्हणजे वाजवायचं. लोक रबरी हातोडी वापरतात. ताईनं मधल्या बोटाचं पेर वापरलं.

टण. टण. टण. मग उजवीकडे खाली, बद्द.

"हा माठ गळका आहे," ताई म्हणाली.

भाऊजींनी शरमेनं मान खाली घातली. तीस लाखांच्या वस्तूला भर दुपारी यजमानासमोर टिचकी! सरबताचे पेले अजून हातात! पण खरी गंमत पुढेच आहे. मालक रागावला नाही. तो सरळ खाली बसला आणि त्यानं स्वतः वाजवून पाहिलं. डावीकडे टण, उजवीकडे बद्द. दोनदा. मग तो काही वेळ बोललाच नाही. गेली चार वर्षं तो ह्याच बोटीतून आपल्या नातवंडांना तळ्यात फिरवत होता. त्याला हे ठाऊकच नव्हतं. त्याला कुणी कधी वाजवून दाखवलंच नव्हतं. कारण त्याच्याकडे येणारे सगळे भाऊजींसारखे सभ्य असावेत.

म्हणून माझं म्हणणं आहे, की टिचकी हा विकणाऱ्याचा अपमान नाहीच. तपासणी न करणं, हाच त्याचा अपमान आहे. हे मी एका काउंटरवरच्या कारकुनाच्या अधिकारात म्हणत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तिकडे बिघाड लपलेल्या मोटारीला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. (आम्हांला सरबत कशाचं मिळालं होतं, ते आठवा.) अ‍ॅकरलॉफ म्हणतो, घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल, तर तो कुठल्याच मोटारीला पुरती किंमत देत नाही, मग ज्याची मोटार खरोखर चांगली आहे, तो ती बाजारात आणतच नाही, आणि बाजारात उरतात लिंबं. ह्या कामासाठी त्याला २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे तुम्ही भिडेखातर टिचकी मारत नाही, तेव्हा नुकसान तुमचं एकट्याचं होत नाही. ज्यानं वर्षानुवर्षं इंजिनाचं तेल बदललं, प्रत्येक भोक बुजवलं, त्या प्रामाणिक विकणाऱ्याची मेहनत तुम्ही मातीमोल करता. त्याचा टण आणि दुसऱ्याचा बद्द तुम्ही एकाच भावात बसवता. ह्याला सभ्यपणा म्हणायचं असेल, तर असभ्यपणाला आपण दुसरा शब्द शोधू.

कायद्याकडेही वळून बघू नका. बी.कॉम.ला आम्ही १९३० चा मालविक्री कायदा घोकला होता. त्याच्या सोळाव्या कलमाचा सूर मुळात असा की, काही अपवाद सोडले तर घेणाऱ्यानं आपलं आपण बघावं. अमेरिकेत खासगी विक्रीच्या कागदावरही बहुतेक 'आहे तशी' असंच लिहिलेलं असतं. आम्ही बँकवाले जप्तीच्या मालमत्तेचा लिलाव पुकारतो, तेव्हा जाहिरातीत 'जसे आहे, जेथे आहे' असं स्वच्छ छापतो. ह्याचा मराठीत अर्थ एवढाच की, बाबा रे, टिचकी मार!

आता प्रश्न नुसत्या पैशांचा असता, तर मी एवढा तावातावानं लिहिलं नसतं. पैसे बुडण्याचे प्रकार मी रोज पाहतो. पण ह्या बोटीत भाच्याची आठ वर्षांची मुलगी बसणार होती. असली नाव भन्नाट वेगात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डुलू लागते. त्याला 'चाइन वॉक' म्हणतात, आणि सराव नसलेल्या हाताला ती आवरत नाही. चालक पाण्यात फेकला गेला, तर रिकामी नाव गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. म्हणून चालकाच्या अंगाला एक दोरी अडकवतात. ती ओढली गेली की इंजिन बंद. २६ फुटांपेक्षा लहान नावांना, वेगात असताना ही सोय वापरणं अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून कायद्यानं सक्तीचं आहे. (आम्हांलाही १ एप्रिलला काउंटर बंद ठेवावं लागतं, पण त्यानं जीव वाचत नाहीत.) तिथल्या कोस्ट गार्डच्या हिशेबात २०२२ साली ६३६ माणसं नौकांच्या अपघातांत गेली. मृत्यूचं कारण कळलेल्यांपैकी पाऊण जण बुडून गेले, आणि त्या बुडालेल्यांपैकी शंभरात ८५ जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तेव्हा ती वीतभर दोरी ओढून इंजिन खरंच बंद पडतं का, पाणी उपसायचा पंप चालतो का, मुलीच्या मापाचं जॅकेट आहे का, हे विचारताना ज्याला भीड वाटते, त्यानं घरी बसून कॅरम खेळावा.

दुसरी बोट बघायला गेलो, ती एका निवृत्त बाईंची. तिथं सरबत नव्हतं, कुत्रा भुंकणारा होता. भाऊजींना पहिल्या दृष्टीत माणूस पसंत पडला नाही. पण बाईंनी आम्हांला काही विचारायच्या आत रबरी हातोडी हातात दिली आणि म्हणाल्या, "आधी वाजवून घ्या, मग बोलू." मेकॅनिकचा कागद तयार होता. तळ्यावर नेऊन चालवून दाखवायला त्या स्वतः आल्या. पाण्यात न चालवता नाव घेणं म्हणजे पत्रिकेवरून पोहणं शिकण्यासारखं आहे. थंड इंजिन एका झटक्यात सुरू होतं का, पूर्ण वेगात त्याचे फेरे कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेत बसतात का, सुकाणू हाताला कसं लागतं, हे तिथंच कळतं.

कागदपत्रांचं खातं अर्थातच माझ्याकडे आलं. नावेला बारा अक्षरांकड्यांचा एक क्रमांक असतो, मागच्या बाजूला उजव्या हाताला कोरलेला. १९७२ च्या नोव्हेंबरपासून तिकडे तो सक्तीचा आहे. हल्लीच्या क्रमांकात पहिली तीन अक्षरं कारखान्याची. शेवटच्या चार जागांत महिन्याचं अक्षर, वर्षाचा आकडा आणि मॉडेलचं साल. असा सुबक खातेक्रमांक आमच्या बँकेनंही अजून काढलेला नाही. टेक्सासमध्ये नावेचा मालकीहक्काचा कागद वेगळा आणि इंजिनाचा वेगळा. ट्रेलरची नोंदणी आणखी तिसरीकडे. तिन्ही कागदांवर एकच नाव आहे ना, कुठं कर्जाचा बोजा नाही ना, हे मी इतक्या प्रेमानं तपासलं की बाईंनी मला नोकरीबद्दल विचारलं. ट्रेलरच्या टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी झाला त्याची तारीख. ते निघाले नऊ वर्षांचे; नक्षी शाबूत, पण रबर म्हातारं. बाईंनी न घासाघीस करता चार टायरांचे पैसे कमी केले. दोष सापडला की व्यवहार मोडतो, हा आपला आणखी एक गैरसमज. दोष सापडला की त्याची किंमत ठरते, एवढंच. न सापडलेल्या दोषाची किंमत मात्र तो दोष स्वतः ठरवतो, आणि ती वेळही तोच निवडतो.

बोट त्यांचीच घेतली. भाऊजींचं मत अजून कायम आहे. ते म्हणतात, "सगळेच तुमच्यासारखे संशयी झाले, तर जगात विश्वास उरेल का?" भाऊजी, विश्वास माणसांवर ठेवायचा असतो. प्लायवुड, रबर आणि कर्जाचे कागद हे वाजवून घ्यायचे असतात. दोन्हींची गल्लत केली की लाकूड कुजतं आणि माणूसही नकोसा होतो; कारण फसल्यावर आपण शिव्या प्लायवुडला देत नाही, त्या देवमाणसालाच देतो.

तेव्हा वाचकहो, भेंडीवर तुम्ही जो हक्क बजावता, तोच फ्लॅटवर, मोटारीवर, विम्याच्या कागदावर आणि हो, माझ्या काउंटरवरही बजावा. चाळीस सह्यांपैकी पहिली करण्याआधी विचारा, "साहेब, हे काय लिहिलंय?" मी डबा बाजूला ठेवून सांगेन. आणि एखादा विकणारा टिचकी मारू देतच नसेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात जा. माठ तिथंही मिळतात.